उरलेली कातडी

पँटचा पट्टा पोटाच्या वर बांधायचा की खाली, हा प्रश्न मला दोन वर्षं रोज सकाळी पडायचा. वर बांधला तर पोटावरच्या सैल कातडीची घडी पट्ट्याखाली दाबली जायची आणि दुपारपर्यंत चुरचुरायला लागायची. खाली बांधला तर ती घडी पट्ट्यावरून पुढे लोंबायची, आणि शर्ट खोचला तरी आत काहीतरी लपवून आणल्यासारखं दिसायचं. शेवटी मी शर्ट बाहेर सोडायला लागलो. सरकारी शाळेतला मास्तर असा शर्ट सोडून हिंडतो म्हणून प्राचार्यांनी एकदा टोकलं, तेव्हा मी म्हटलं, गरमी फार आहे. सौंसरच्या गरमीबद्दल कोणी वाद घालत नाही.

मी सौंसरला शिकवतो, मूळचा पांढुर्ण्याचा. लहानपणापासून जाडा, आणि जाड्या माणसाला जे जे ऐकावं लागतं ते ऐकून कान किटलेला. शाळा हिंदी, त्यामुळे मुलं मला ‘मोटे मास्साब’ म्हणायची. त्यात कुचेष्टा कमी आणि खूण जास्त होती, कारण माझ्याच आडनावाचे आणखी एक मास्साब शाळेत होते. माझं वजन नक्की किती हे मला माहीतच नव्हतं. घरचा काटा एकशेवीसच्या पुढे जायचा नाही. मग एकदा पांढुर्ण्याच्या एका ओळखीच्या अडत्याकडे, दुकानात दुसरं कोणी नाही असं बघून, कापसाच्या काट्यावर उभा राहिलो. एकशे बत्तीस भरलो. ओल्या कापसाचं वजन कापायच्या सवयीनं अडत्या म्हणाला, “याच्यातली ओल कापा लागन, मास्साब.” आम्ही दोघंही हसलो.

काट्यावर चढायची वेळ आली होती ती एका लग्नामुळे.

आमच्याकडे नवरीला देवघरातून मांडवात मामानं उचलून आणायचं असतं. हात धरून नाही, उचलून. मला एकच बहीण, माझ्याहून मोठी, मोहगावजवळच्या एका खेड्यात दिलेली, आणि तिला दोन मुली. म्हणजे मामा मी एकटाच. थोरल्या भाचीच्या लग्नात मी तिला उचललं, ओसरीपर्यंत आणलं आणि तिथे श्वास पुरेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. तिला खाली ठेवलं आणि खांबाला धरून उभा राहिलो. कोणी खुर्ची आणली, कोणी पाणी. नवरदेवाकडची माणसं उठून बघायला लागली. तेवढ्यात नवरीचा एक चुलतभाऊ पुढे झाला, त्यानं तिला उचललं आणि मांडवात नेलं. लग्न मुहूर्तावर लागलं, पंगती उठल्या, मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. पण ते सगळं व्हिडिओत आहे. मी घरात असलो की भाची तो व्हिडिओ लावत नाही.

त्यानंतर मी चालायला लागलो. सौंसरहून जामसांवलीच्या रस्त्यानं जायचो, कारण तिकडे सावली बरी आहे. त्या रस्त्यानं चालणारा माणूस मारुतीच्या दर्शनालाच निघालाय असं आमच्याकडे सगळे धरून चालतात. मोटरसायकलवाले थांबून विचारायचे, “मास्साब, नवस हाय का?” सुरुवातीला मी समजावून सांगायचो की बाबा, वजन कमी करतोय. मग नुसतं “हो” म्हणायला लागलो. नवस म्हटलं की लोक पुढे विचारत नाहीत आणि गाडीवर बसायचा आग्रहही करत नाहीत.

भात सोडला, तर्री-पोहे सोडले, लग्नातले वडे सोडले. वड्यांवरून नातेवाईक रुसले. “मास्तरले आता आमच्या घरचं चालत नाई,” असं दोन-तीन घरांत बोललं गेलं. वजन उतरायचं, महिनोन्‌महिने थांबायचं, थोडं चढायचं, पुन्हा उतरायचं. असं तीन वर्षं चाललं. वजन कमी केलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर एक तेज वगैरे असतं म्हणतात. मला एकाही दिवशी उत्साह वाटला नाही. निघताना पाय जड आणि परतताना पोटात भूक, एवढंच आठवतं. तरी उतरलं. काटा शहात्तरवर येऊन थांबला, तो पुढे हलेना.

आणि बारीक झालो तसा मी लोकांना आजारी दिसायला लागलो. गाल लोंबले, मानेखाली झोळी आली. पांढुर्ण्याच्या बाजारात जुना शेजारी भेटला, त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, “कोठी दाखवून राहिले? नागपूरले?” जामसांवलीचा नवस कशासाठी होता तेही आता सगळ्यांना नीट कळलं. मास्साबला काहीतरी मोठं झालंय. वर्गातल्या एका मुलीची आई तर घरी येऊन माझ्या बायकोचा हात धरून बसली. बायको म्हणाली, “अवो नाही, यांनी मुद्दामच केलं हे.” ते काही त्या बाईला पटलं नाही. जाताना संत्री ठेवून गेली.

स्टाफरूममध्ये एकजण म्हणाला, “मास्साब, तुमी तं झाडावरच राह्यलेल्या संत्र्यावानी झाले. सालटं एवढं मोठं, अन् आतमंदी फाका लहानशा.” सगळे हसले, मीही हसलो. उपमा चुकीची नव्हती, त्याचाच राग आला. पुढे तो प्रत्येक नव्या माणसाला तीच उपमा ऐकवायचा आणि मला प्रत्येक वेळी हसावं लागायचं.

दिसण्याचं सोडा. ही कातडी सांभाळणं हेच एक काम होऊन बसलं. आंघोळ करताना पोटावरची घडी एका हातानं उचलून धरायची, दुसऱ्या हातानं खालचं धुवायचं, मग कोरडं करायचं, मग पावडर. तरी चैत्र लागला की खाली घामोळं उठायचं, चट्टे पडायचे, त्याला वास यायचा. छातीवर दोन पिशव्या, दंडाखाली दोन, मांड्यांची तर गोष्टच नको. चालताना कातडीवर कातडी घासायची. ज्या चालण्यानं वजन उतरलं तेच चालणं आता जिवावर यायला लागलं. माझ्या बायकोनं माझ्या वडिलांचं एक जुनं सुती धोतर काढलं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, त्याच्या पट्ट्या फाडल्या आणि घडीखाली ठेवायला दिल्या. रोज सकाळी पलंगावर घडी करून ठेवलेल्या असत. “दुखते का हो?” ती विचारायची. “काही नाही,” मी म्हणायचो. वर पोट आवळून धरणारी एक बनियन घालायचो, इंटरनेटवरून मागवलेली. ती चढवताना घाम फुटायचा आणि काढताना बायकोला हाक मारावी लागायची. म्हणून मी हाक मारायच्या आधी दिवा बंद करायचो.

नागपूरच्या डॉक्टरांचं नाव मला शाळेतल्या एका मॅडमनी सांगितलं. आम्ही दोघं बसनं गेलो. डॉक्टर तरुण होते, नम्र होते, माझ्या पोटाची घडी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी ती वजन करावं तशी तोलून पाहिली. मग पेननं रेघा काढल्या, कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. म्हणाले, इथून इथपर्यंत कापून काढू, बेंबी नव्या जागी बसवू, आधी पोट, मग वर्षभरानं छाती. काही दिवस नळ्या राहतील. आठवडाभर वाकून चालावं लागेल, आणि दीड-दोन महिने ओझं म्हणून उचलायचं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही.

मग त्यांनी विचारलं, “त्रास होतो म्हणून करायचंय की दिसण्यासाठी?”

बायको शेजारी बसली होती. मी म्हटलं, “चांगलं नाही दिसत.”

तसं का म्हटलं याचा मी परतीच्या बसमध्ये विचार करत होतो. वासाबद्दल, चट्ट्यांबद्दल परक्या माणसापुढे बोलायची लाज होतीच. पण त्याहून एक गोष्ट खोलवर बसलेली होती. चरबी मी चढवली, मी उतरवली, आणि आता मागे उरलं ते मी भोगायचं, असंच मला वाटत होतं. दुखतंय म्हणण्याचा हक्क अंगावर झाड पडलेल्या माणसाला असतो. मी तर स्वतःच चरत बसलो होतो.

“तुमाले काय वाटते?” मी बायकोला विचारलं. आम्ही एकमेकांना अहो-जाहोच करतो.

“तुमाले वाटत असन तं करा,” ती म्हणाली. यापेक्षा थकवणारं उत्तर जगात नसेल. पेनच्या त्या रेघा चार-पाच आंघोळींनी गेल्या, आणि तोपर्यंत मी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुरुवातीची तारीख नक्की केली होती. मला आता फक्त हे झटकून टाकायचं होतं. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीची वाट बघावीशी वाटत होती.

तेवढ्यात धाकट्या भाचीचं लग्न ठरलं. मुलगा पांढुर्ण्याचा, मुहूर्त त्याच सुट्टीतला. शस्त्रक्रियेनंतर जेमतेम तीन आठवड्यांनी.

मी मोहगावकडे ताईच्या घरी गेलो. ती अंगणात खाटेवर साडी पसरून कुरड्या घालत होती. मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, तारीख कशी मिळाली, मला किती त्रास होतो ते सोडून सगळं. शेवटी म्हटलं, “नवरीले दुसरं कोणी उचललं तं चालन ना?”

“चालन की,” ती म्हणाली. “तिच्या काकाचा पोरगा हाय. मांगच्या वक्ती त्यानंच नेलं होतं.”

साच्यातून कुरडी पडत राहिली. ती माझ्याकडे बघत नव्हती. ताई रागावली की बोलते, दुखावली की काम करते.

“ताई, काय झालं ते सांग.”

“काई नाई झालं. तू तुया जिवाचं पाह्य.” मग साचा खाली ठेवून म्हणाली, “मांगच्या वक्तीपासून आत्याबाई साल-दीड साल बोलत होत्या. आल्यागेल्यासमोर. हिच्या माहेरी पोरगी उचलाले एक माणूस नाई भेटला, म्हणे. मी तुले सांगतलं नाई. आता तरी कायले सांगून राहिली मी? तू करजो तुवं ऑपरेशन.”

आत्याबाई म्हणजे ताईची सासू. आम्ही सगळे तिला आजी म्हणतो. ऐंशीच्या पुढची, तिखट जिभेची, सगळ्या घराला धाकात ठेवलेली. ती त्या वेळी घरातच होती, आणि मी निघताना तिनं आतून विचारलं, “मास्तर आला होता का वं? चहा देल्ला का त्याले?” मी चहा न घेताच निघालो.

मला राग आला. आजीचा आला, ताईचा त्याहून जास्त आला, कारण तिनं आधी सांगितलं नाही आणि मग सांगितलं. इतके दिवस तिनं ते ऐकून घेतलं याचं वाईट वाटलं. आणि मी तीन वर्षं भाताकडे पाठ करून जे कमावलं ते कोणाच्या खिजगणतीतच नाही असंही वाटलं. आता मी भाचीला उचलू शकत होतो. चाळीस-पंचेचाळीस किलोची पोरगी. मला दम लागला नसता. आणि नेमकं त्याच वेळी माझ्या पोटाला टाके असणार होते.

दोन दिवसांनी मी दवाखान्यात फोन करून तारीख सोडली. लोकांनी पुढे याला मोठेपणा म्हटलं, भाचीसाठी मास्साबनं ऑपरेशन पुढे ढकललं वगैरे. मोठेपणा कसला. उन्हाळाभर घरात वाकून चालायचं आणि तिकडे पुन्हा चुलतभावानं उचललं म्हणून कोण काय बोललं याचा विचार करत पडायचं, एवढी ताकद माझ्यात उरली नव्हती. उचलणं सोपं होतं.

सराव मी बायकोवर केला. एका रविवारी दुपारी दार लावून घेतलं आणि तिला म्हटलं, उभ्या राहा. ती हसायला लागली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि मी तिला कधी उचललं नव्हतं. आधी ताकद नव्हती आणि मग सवय नव्हती. तिला उचलून मी बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत गेलो. “ठेवा खाली, कोणी पाहीन,” ती म्हणत होती आणि माझ्या मानेला घट्ट धरूनही होती. श्वास ठीक होता. फक्त तिच्या वजनाखाली पोटाची घडी दुमडून पट्ट्यात चिमटली आणि माझा चेहरा बदलला असावा.

“दुखलं का?”

“काही नाही.”

तिनं मला शर्ट काढायला लावला नाही. दुसऱ्या दिवशी पट्ट्या दुप्पट जाडीच्या होत्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी हळद. आमच्या हळदीत मामाला सोडत नाहीत. नवरीला लावून झाली की बायका मामाला धरतात, कुडता काढून पाठीपोटाला हळद फासतात, वरून बादल्या ओततात. मला हे महिनाभर आधीपासून डोळ्यांपुढे दिसत होतं. मी पाण्याच्या टँकरचं निमित्त काढून बाहेर रेंगाळलो, पण ताईच्या नणंदांनी मला फाटकातच गाठलं. तोंडाला फासली, केसांत फासली, एकीनं कुडत्याची कड धरून वर ओढली.

“सोडा त्याले!” ताई ओरडली.

इतक्या जोरात ओरडली की ढोलकवालाही थांबला. नणंद कुडता सोडून बाजूला झाली. जरा वेळानं गाणी पुन्हा सुरू झाली. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुडता काढला असता तर लोक घटकाभर हसले असते. ताईच्या त्या ओरडण्यानं कुडत्याखाली ओरडण्यासारखं काहीतरी आहे हे सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त दुपारचा होता. मे महिन्यातली दुपार, वर पत्रे, खाली माणसं. मी दिलेली पिवळी साडी नेसून भाची देवापुढे बसली होती. मी आत गेलो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, “मामा, मी चालत येऊ का? कोणी काई म्हणत नाई.”

“बस गुमान,” मी म्हटलं आणि तिला उचललं.

ओसरी आली. खांब आला. मी तिथे थांबलो नाही. श्वास चालू होता, पाय चालू होते. माणसं बाजूला होत होती, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. ताई पदराचा बोळा तोंडावर धरून उभी होती. तिचा चेहरा मला दिसला नाही. बोहल्यापाशी भाचीला खाली ठेवलं तेव्हा मला फार बरं वाटलं. हे मी उघडच सांगतो. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच आनंद झाला.

तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, “मास्साब, एक बार और. बीच में लोग आ गए थे.”

पाहुण्यांमधून दोघं-चौघं म्हणाले, हो ना, एकदा होऊन जाऊ द्या, आठवण राहते. भाची म्हणाली, राहू द्या. पण लोकांपुढे नाही म्हणायचा मला नेहमीच कंटाळा. आम्ही ओसरीपर्यंत मागे गेलो, लोकांना बाजूला केलं गेलं, आणि मी तिला दुसऱ्यांदा उचललं. या वेळी फोटोग्राफर पुढे उलटा चालत होता आणि सांगत होता, धीरे, मास्साब, धीरे, हँसते हुए. मी हसत हळूहळू चाललो. पट्टी कधीच घसरली होती. घडी पट्ट्यात चिमटलेली होती आणि प्रत्येक पावलाला तिथे काहीतरी सोलून निघत होतं. फोटो चांगला आलाय. ताईनं तो मोठा करून बैठकीत लावलाय.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मी मागच्या मागे घरात शिरलो. धान्याच्या कोठीत पंखा लावलेला होता आणि कोणी नसेल असं वाटलं. दार लोटलं, कुडता काढला, पट्टा सैल केला आणि ती बनियन कशीबशी छातीपर्यंत वर ओढली. बनियनला आतून रक्त लागलं होतं. मी पंख्याकडे पोट करून तसाच उभा राहिलो.

“मास्तर.”

गव्हाच्या पोत्यांपलीकडे बाजेवर आजी होती. नवरा गेल्यापासून ती लग्न लागताना मांडवात येत नाही. हल्ली ते कोणी मानत नाही, नातींनी हात धरून ओढलं तरी ती येत नाही. अक्षता पडेपर्यंत इथेच बसून राहते. मी बनियन खाली ओढायला लागलो, पण ती घामानं चिकटली होती, खाली येईना.

“राहू दे,” ती म्हणाली. “इकडे ये. उजेडात ये.”

मी गेलो. एरवी गेलो नसतो. पण माझ्यात नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. खिडकीतून ऊन येत होतं तिथे मी तिच्यापुढे उघडं पोट घेऊन उभा राहिलो, सेहेचाळीस वर्षांचा माणूस. ती उठून बसली आणि डोळे बारीक करून बघत राहिली. बराच वेळ. हसली नाही, चुकचुकली नाही, हात लावला नाही. बाहेर ‘सावधान’ झालं, पुढचं कडवं सुरू झालं.

“दुखते?”

‘काही नाही’ माझ्या जिभेवर होतंच. ते शब्द आले नाहीत.

“दुखते,” मी म्हटलं. “रोज दुखते, आजी. लय दुखते.” आणि मला रडू फुटलं. आवाज निघेल म्हणून मी दंडाला तोंड दाबून धरलं.

तिनं मला रडू दिलं. उगी वगैरे म्हणाली नाही. मग विचारलं, “काहाडता येत नाई का हे?”

“येते. डॉक्टर काहाडून देतो म्हणते.”

“मंग?”

मग काय सांगणार. तारीख घेतली होती, तुझ्या जिभेपायी सोडली, हे मला म्हणता आलं असतं. महिनाभर मनात तिच्याशी भांडून ती वाक्यं तयारही होती. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की दीड वर्षं बोललेलं तिच्या लक्षातसुद्धा नव्हतं, हे मला स्पष्ट दिसलं.

“पोरीले उचलाचं होतं,” मी म्हटलं.

“दोनी पोरी गेल्या आता. आता कोणाले उचलाचं राह्यलं तुले?”

मी विचार केला. खरंच विचार केला, एकेक नात्यातलं माणूस आठवून. “कोणाले नाई,” मी म्हटलं. मग म्हटलं, “दिवाळीच्या सुट्टीत करतो.”

“करजो,” ती म्हणाली आणि बाजेवर सरकून तिनं माझ्यासाठी जागा केली. मी कुडता हातात घेऊन तसाच तिच्याशेजारी बसलो. बाहेर अक्षता पडल्या, बँड सुरू झाला, आणि लगेच माझ्या नावानं हाकारा सुरू झाला. मामा कुठे आहे, मामाला बोलवा, मामाचा आहेर राहिलाय, मामाचा फोटो राहिलाय. पावलं दारापर्यंत आली. मी उठायला लागलो तर आजीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला खाली बसवलं आणि दाराकडे तोंड करून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशा तिच्या त्या आवाजात ओरडली,

“मामा थकला हाय! येत नाई म्हणा आता!”